नसल्याचा पुरावा

बाजाराचा साधा नियम असा, की वस्तूबरोबर जितके अधिक मिळेल तितके पैसे अधिक मोजावेत. डबा झाकणासकट असला तर त्याला किंमत; झाकण हरवलेले असले, की दुकानदार आपणच ओशाळून दोन रुपये कमी सांगतो. आमच्या लकडगंजात जुना दरवाजा विकायला आला आणि त्याची एक कडी जरी निखळलेली असली, तरी गिऱ्हाईक नेमके तिथेच बोट ठेवून भाव पाडून मागते. परंतु या पृथ्वीतलावर एक बाजार असाही आहे, की जिथे वस्तूत काही नाही म्हणूनच तिचा भाव चढतो. हा बाजार जुन्या अमेरिकन मोटारींचा. गाडीत हीटर नाही? वा! रेडिओही नाही? फारच उत्तम! मागची बैठकसुद्धा नाही? मग तर बोलायलाच नको. आकडा तुम्ही सांगाल तो!

तुम्ही म्हणाल, मराठीच्या मास्तराला या मोटारींच्या उठाठेवी कशाला? प्रश्न रास्त आहे. माझ्या मालकीची म्हणाल तर एक सायकल आहे, आणि तिच्यात जे नाही त्याबद्दल मला कोणी अधिक पैसे देईलसे वाटत नाही. पण या मोटारवाल्यांच्या वादांत जो प्रश्न पुनःपुन्हा येतो, तो आमच्याच घरचा आहे. जुन्या पोथ्या लावताना आमचा निम्मा जन्म एकाच गोष्टीत जातो : ही ओवी मुळात होती की नव्हती? ओवी असली तर ती दाखवता तरी येते. नसली, तर ती कधीच नव्हती हे दाखवायचे कसे? कोणी पान फाडले नाही कशावरून? मोटारवाल्यांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधून काढली आहेत, ती वाचून मी थक्क झालो आहे, आणि म्हणून यंदाच्या दिवाळीला हा फराळ.

आधी या मोटारी कोणत्या ते सांगतो. १९६४ साली पाँटिअॅक कंपनीने आपल्या मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घन इंचांचे इंजिन बसवून जी. टी. ओ. नावाची गाडी काढली. अंग मध्यम आणि छाती पैलवानाची. तरुण मंडळी वेडी झाली, आणि पाहता पाहता शेव्हरोले, फोर्ड, डॉज, प्लिमथ अशा सर्वांनी आपापले पैलवान आखाड्यात उतरवले. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुरावर कायदे आले, १९७३ साली तेलाची टंचाई झाली, आणि दहा वर्षांच्या आतच तो आखाडा मोडला. तिकडे या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. आपण पैलवान गाड्या म्हणू या.

त्या काळी अमेरिकेत मोटार घेणे म्हणजे हलवायाकडून तयार बुंदी आणणे नव्हते. शिंप्याकडे माप देण्यासारखे ते होते. दुकानात जायचे, यादी पुढे घ्यायची आणि खुणा करायच्या. इंजिन कोणते, गिअर कसा, रंग कोणता, रेडिओ हवा की नको. प्रत्येक गोष्टीला कारखान्याचा एक सांकेतिक अंक असे. यादीत अशाही काही ओळी असत, की जे गाडीबरोबर आपसूक मिळायचे तेच काढून टाका म्हणून सांगता येई. शेव्हरोलेच्या गाड्यांत 'सी-४८' म्हणजे हीटर वगळा. वगळले, की बिलातून तेवढे डॉलर वजा.

आता थंडीच्या देशात हीटर नको म्हणणारा कोण निघतो? एक निघे शर्यतवाला. त्याला शेराशेराने वजन कमी करायचे असते. हीटर, रेडिओ, गालिचा हे सारे त्याच्या लेखी ओझेच. दुसरा निघे फ्लॉरिडा किंवा हवाई बेटांसारख्या उबदार मुलखातला. आपला मे महिना आठवा, म्हणजे त्याचे मन कळेल. तिसरा निघे निव्वळ चिक्कू. या तिघांचे हेतू निराळे, पण कारखान्याच्या कागदावर तिघांची खूण एकच.

कधी कधी ही वगळणी गिऱ्हाइकाच्या नव्हे, तर कंपनीच्याच मनात असे. १९६७ साली शेव्हरोलेने आपल्या कॉर्व्हेट या गाडीत 'एल-८८' नावाचे एक भयंकर इंजिन द्यायला सुरुवात केली. कागदावर त्याची शक्ती ४३० अश्वशक्ती लिहिलेली. खरी शक्ती पाचशेच्या वर होती असे जाणकार सांगतात. हे इंजिन शर्यतवाल्यांसाठी; कॉलेजातल्या पोरांनी ते घेऊन रस्त्यावर धुडगूस घालू नये अशी कंपनीची इच्छा. म्हणून या गाडीत रेडिओ नाही आणि हीटरही नाही. त्या वर्षी कॉर्व्हेट निघाल्या २२,९४०; त्यांत एल-८८ अवघ्या २०. त्या विसांपैकी एक २०१४ साली अमेरिकेतील लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरना गेली. १९६८ साली डॉजने शर्यतीसाठी डार्ट गाडीचा असाच एक अवतार काढला. त्यात मागची बैठक नाही, हीटर नाही, काचा पातळ आणि खिडकी वर ओढायला दांड्याऐवजी पट्टा! अशा सुमारे ८० डार्ट निघाल्या. आज त्यांच्या दारिद्र्याला सोन्याचा भाव आहे.

येथवर ऐकून कोणाही व्यवहारी माणसाच्या डोक्यात जो विचार यायचा तो आलाच असेल. मोठे इंजिन खोटे दाखवायचे तर निदान एक मोठे इंजिन तरी पैदा करावे लागते. पण हीटर नव्हता असे दाखवायला काय लागते? एक पाना आणि रविवारची दुपार. असणे खोटे करायला भांडवल लागते. नसणे खोटे करायला पान्याइतके भांडवल पुरते. त्यामुळे 'कारखान्यातूनच वगळलेले' असे कोणी म्हणाला, की तिकडचे जाणते लोक आधी चष्मा पुसतात.

ते मग काय पाहतात? आपल्याकडच्या भाट्ट मीमांसकांनी 'अनुपलब्धी' नावाचे एक प्रमाण मानले आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे ज्ञान होते. पण त्यांनी त्याला एक अट घातली, आणि त्या अटीतच सारी अक्कल आहे. न दिसणारी वस्तू अशी हवी, की ती असती तर दिसलीच असती. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही असे म्हणता येत नाही. हिलाच ते योग्यानुपलब्धी म्हणतात. डेट्रॉइटच्या मोटारवाल्यांनी मीमांसा वाचली असण्याचा संभव नाही. पण त्यांची सगळी तपासणी या एका अटीवर उभी आहे : ही वस्तू एकदा तरी बसवलेली असती, तर तिची खूण कुठे राहिली असती? तिथे पाहा.

हीटरचेच घ्या. हीटर ही काही टेबलावर ठेवायची वस्तू नव्हे. इंजिन आणि बैठक यांच्या मधल्या पत्र्याला त्यासाठी भोक लागते. इंजिनातून गरम पाणी आणायला दोन नळ्या लागतात. चालकापुढे खटके लागतात. कारखान्यानेच हीटर वगळला असेल तर त्या भोकावर कारखान्याची झाकणपट्टी असते, पाण्याची तोंडे बुचांनी बंद असतात, आणि खटक्यांच्या जागीही झाकण असते. मागाहून काढला असेल तर मूळचे स्क्रू बसल्याच्या जागा उघड्या पडतात, रंगावर कडांचे ठसे दिसतात, आणि नळ्या घासल्याची खूण पत्र्यावर राहते.

रेडिओची गंमत याहून मोठी आहे. रेडिओ आला की एरियल आली, आणि एरियल आली की मडगार्डला भोक आले. ते भोक लांबी भरून वरून कितीही गुळगुळीत केले, तरी मडगार्डाखाली हात घालून पाठीमागून पाहिले की बिंग फुटते. कॉर्व्हेटचा प्रकार तर फारच मौजेचा आहे. तिचे अंग पत्र्याचे नसून फायबरग्लासचे आहे. पत्रा इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर थोपवून धरतो. फायबरग्लास थोपवत नाही. म्हणून १९६०च्या दशकातल्या ज्या कॉर्व्हेटमध्ये रेडिओ असे, तिच्या ठिणगी-यंत्रणेवर कारखाना धातूची चकचकीत आवरणे बसवी. रेडिओ नसला, तर ती आवरणेही नसत. रेडिओ काढणाऱ्या लबाडाच्या हे ध्यानात राहिले नाही, की रेडिओ नाही पण आवरणांचे आधार मात्र जागच्या जागी, असा विनोद होतो. सांगायचे एवढेच, की खरे नसणे कधी एकटे नसते. त्याच्याबरोबर आणखी चार वस्तू नसतात, आणि त्या चारही गोष्टी खोटे बोलणाऱ्याला एकाच वेळी आठवतील अशी शक्यता कमी असते.

ही झाली वस्तूची साक्ष. दुसरी साक्ष कागदाची. कारखान्यात गाडी तयार होत असताना तिच्याबरोबर एक छापील कागद फिरे. कोणते इंजिन, कोणती बैठक, कोणता आरसा हे त्यात पाहून कामगार तो तो भाग बसवीत. काम झाले की कागदाचा उपयोग संपला. कोणी तो मागच्या बैठकीच्या स्प्रिंगांत खोचून देई, कोणी गालिच्याखाली सरकवी. ज्याला आपण रद्दी म्हणतो, ती हीच. पन्नास वर्षांनी बैठक उसवताना उंदरांनी कुरतडलेला तो कागद निघाला, की मालकाचा हात थरथरतो. क्रायस्लरच्या गाड्यांत याखेरीज बॉनेटखाली मडगार्डाला एक लहानशी धातूची पट्टी असे. तिच्यावर सांकेतिक अंक ठोकलेले. १९६७ सालच्या कॉर्व्हेटपासून असा कागद पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेलाही सापडतो. शिवाय १९५८ च्या कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशील लावणे बंधनकारक झाले होते. कोणा व्यवस्थित माणसाने तो जपून ठेवला असेल तर सोन्याहून पिवळे.

कंपन्यांची दप्तरेही आहेत, पण नशीब सर्वांचे सारखे नाही. पाँटिअॅकच्या बिलांच्या सूक्ष्मफिती शाबूत आहेत आणि एकेका गाडीचे बिल त्यांतून काढून मिळते. फोर्डची १९६७ पासूनची माहिती एका खासगी संस्थेने परवाना घेऊन सांभाळली आहे. ती त्या गाडीचा अहवाल देते. जनरल मोटर्सच्या ज्या गाड्या कॅनडात नव्या विकल्या गेल्या त्यांच्या नोंदी कॅनडातल्या शाखेने ठेवल्या. परंतु अमेरिकेत निघालेल्या बहुतेक शेव्हरोलेंचे असे एकेकटे जातक उपलब्ध नाही. तिथे बैठकीखालचा कागद हाच काय तो आधार. भाऊ एकाच घरचे, पण एकाचा जन्मदाखला आहे आणि दुसऱ्याचा हरवला, तसेच हे.

या कागदांतही एक बारकावा आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. यादीत रेडिओच्या चौकोनात काही लिहिलेले नाही, याचा अर्थ रेडिओ मागितला नाही. किंवा लिहिणारा विसरला. किंवा शाई उमटली नाही. रिकामा चौकोन मुका असतो. परंतु 'सी-४८' असे लिहून बिलातून डॉलर वजा केलेले असले, तर तिथे नसणेच लिहिलेले आहे. कोणी तरी हाताने नोंद केली आहे, की ही वस्तू देऊ नये. बोलीत दोन्ही प्रकारांना सरसकट 'वगळलेले' म्हणतात. विकणारे तर हटकून म्हणतात. पण जे मुळातच जादा पैसे देऊन घ्यायचे होते आणि घेतले नाही ते निराळे, आणि जे आपसूक मिळायचे होते ते नको म्हणून सांगितले ते निराळे. पंक्तीत श्रीखंड वाढायला आलेच नाही, आणि श्रीखंड आले असता पानावर आडवा हात धरला, यांत फरक आहे की नाही?

याहून पेचाचा एक प्रकार सांगतो. कारखान्याचा रेडिओ महाग पडे म्हणून काही गिऱ्हाइके गाडी रेडिओवाचून मागवीत आणि दुकानदाराकडून स्वस्तातला बसवून घेत. आता कारखान्याचा कागद म्हणतो रेडिओ नव्हता. आणि पहिल्या मालकाने तर पहिल्या दिवसापासून गाणी ऐकली! दोघेही खरे बोलतात. अशा वेळी शहाणा माणूस 'मूळची' एवढेच न म्हणता 'कारखान्यातून निघताना' किंवा 'दुकानातून निघताना' असे स्पष्ट म्हणतो.

कागद खोटा करता येत नाही काय? येतो. नव्या पट्ट्या ठोकून मिळतात, कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना करता येतो. इंजिनावरचे अंक घासून दुसरे ठोकतात. पण कारखान्यात तो भाग सपाट करताना यंत्राच्या बारीक समांतर रेघा उमटलेल्या असतात, आणि घासणाराच्या हातून त्याच पुसल्या जातात. म्हणून एका साक्षीदारावर कोणी विसंबत नाही. पट्टी, कागद, इंजिनावरचे अंक, ओतीव भागांवरच्या तारखा हे सारे एकमेकांशी जुळले पाहिजे. गाडी मार्चात तयार झाली आणि इंजिनाचा भाग मात्र मे महिन्यात ओतला, असे दिसले की समजावे.

आमच्या लकडगंजातल्या आरा मिलवाल्यांना हे सांगितले तर त्यांना त्यात काही नवल वाटणार नाही. आलापल्ली-बल्लारशाकडचा सागाचा ओंडका येतो तो बुडाशी हातोड्याचा शिक्का घेऊन येतो, आणि त्याच्याबरोबर जंगल खात्याची टी. पी. येते. शिक्का लाकडावर, पास कागदावर. दोन्ही जुळले तर माल सरळ. शिक्का आहे आणि पास नाही, किंवा पास आहे आणि बूड कापलेले, की नाकेदाराच्या भुवया वर जातात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनेही दुसरे काय केले? १९१९ ते १९६६ पर्यंत खपून आणि १२५९ हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही आपण लहानपणापासून ऐकलेली कथा डॉ. सुखठणकरांनी आदिपर्वाच्या मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली, कारण महत्त्वाच्या अनेक पोथ्यांत ती नाही. लेखक मंडळी वगळतात कमी, भर घालतात फार. गणपतीसारखा लेखक मिळत असता त्याला मुद्दाम गाळील कोण? म्हणून अनेक निरनिराळ्या मुलखांतल्या पोथ्या एकमुखाने गप्प बसल्या, तर त्या गप्प बसण्याला वजन येते.

इथवर सारी तिकडची गोष्ट झाली. आपल्याकडे या पैलवान गाड्या क्वचितच उतरल्या. १९५३-५४ नंतर परदेशी कंपन्यांचे जुळणीचे कारखाने बंद झाले, आयातीवर कडक निर्बंध आले. दूतावासांबरोबर आलेली एखादी गाडी पुढे राज्य व्यापार महामंडळामार्फत विकली जाई, तेवढीच. परंतु त्याआधीच्या अमेरिकन मोटारी आपल्याकडे पुष्कळ. मुंबईला शिवडीत जनरल मोटर्स १९२८ पासून १९५४ पर्यंत शेव्हरोले जोडत होती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यास डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडायला घेतल्या. या तीन भावंडांचा ढाचा पुष्कळसा एकच. तोंडवळा आणि नाव तेवढे निराळे. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे जोडले जायचे. म्हणजे डेट्रॉइटचा कागद पेटीपाशी संपतो. पुढचे काय ते कुर्ल्याला ठाऊक, नाही तर मालकाला.

अशीच एक कुर्ल्याची डॉज आमच्या आळीतल्या एका आरा मिलच्या छपरीत पुष्कळ वर्षे उभी आहे. मागच्या वर्षी त्या घरात वाटणीच्या गोष्टी निघाल्या आणि गाडी विकायचे ठरले. गिऱ्हाईक आले, त्याने डॅशबोर्डवर रेडिओच्या जागी झाकणपट्टी पाहिली आणि म्हणाले, "रेडिओ काढून घेतलेला दिसतो." भाव पाडायची ती नेहमीची रीत. पण त्या घरात या वाक्याने जी शांतता पसरली, ती भावाची नव्हती. थोरल्या भावाची पक्की समजूत अशी, की गाडीत रेडिओ होता आणि धाकट्याने तरुणपणी तो काढून परस्पर इतवारीत विकला. धाकटा आज हयात नाही. त्याची पत्नी आहे. पन्नास वर्षे ही गोष्ट त्या घरात कोणी उघड बोलले नव्हते आणि कोणी विसरलेही नव्हते.

मला बोलावले ते कागद वाचायला, कारण जुन्या रोकडवह्या मोडीत होत्या. गाडी पाहायला एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी आधी मडगार्डाखाली हात घातला : भोक नाही, लांबी नाही. धाकट्याच्या मुलाचा चेहरा उजळला. पण वहीत गॅरेजच्या खर्चाची नोंद निघाली. अपघातानंतर तेच मडगार्ड बदललेले होते. म्हणजे ही साक्ष बाद. घडा पाहायला गेलो आणि खोलीच अंधारी निघाली! मग मिस्त्रींनी डॅशबोर्डची पट्टी सोडवली आणि आत दिवा धरला. स्पीकर कसण्याच्या जागा जशा रंगवल्या तशाच होत्या. त्यांत स्क्रू कधी फिरलेलाच नव्हता. रेडिओच्या आधाराचा ठसा कुठेच नाही. इथे खोलीत उजेड होता. रेडिओ असता, तर दिसलाच असता. वहीचेही तेच. त्या काळी रेडिओला परवाना लागे आणि टपाल कचेरीत दरसाल पैसे भरावे लागत. घरच्या रेडिओचे पैसे वर्षानुवर्षे लिहिलेले होते. गाडीच्या रेडिओचे एकदाही नाहीत.

"पण मी गाडीत गाणी ऐकली आहेत," थोरले म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. तेव्हा ऐंशी ओलांडलेले जुने ड्रायव्हर दाराशी बसले होते, ते म्हणाले, "रेडिओ कुठचा आला जी, मोठे शेठ! ट्रान्झिस्टर राहे सीटवर. वळणावर पडू नये म्हणून मीच त्याले दुपट्ट्यानं बांधून ठेवो."

कोणी काही बोलले नाही. धाकट्याची पत्नी उठून चहा ठेवायला आत गेली. थोरले बराच वेळ त्या झाकणपट्टीकडे पाहत राहिले. गिऱ्हाइकाने भाव काही वाढवला नाही, आणि गाडी अजून छपरीतच आहे. पण त्या दिवशी काय पाहिले, कशावरून काय ठरवले आणि मडगार्डाबद्दल काय ठरवता आले नाही, हे सारे एका कागदावर लिहून, खाली तारीख घालून, तो कागद थोरल्यांनी स्वतः गाडीच्या खणात ठेवला. आठवणीही लेखकांसारख्याच असतात. वगळतात कमी, भर घालतात फार.

अशा तपासणीला आता कायद्याचेही निमित्त आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुन्या वाहनांसाठी नियम केले. ते खाते त्या वेळी आमच्या नागपूरच्याच खासदारांकडे होते. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' ही अक्षरे. हवे तेव्हा बाजाराला जायला मात्र ती गाडी वापरता येत नाही. माझे लक्ष गुंतले ते 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांत. मूळ स्वरूप ठरवायचे कशावरून? परदेशातून आणलेली गाडी असेल तर तिच्या आयातीचे कागद, आणि आधीच नोंदलेली असेल तर तिचे आर. सी. बुक. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, मग द्वैभाषिक मुंबईत गेले, मग १९६० साली महाराष्ट्रात आले. एकाच घरात, एकाच छपरीत उभ्या राहिलेल्या गाडीच्या पुस्तकावर तीन राज्यांचे कारभार उमटलेले असू शकतात. ते पुस्तक हरवले, की गाडीचे वय सांगायला शेजारचे आजोबाच उरतात, आणि आजोबांचे ट्रान्झिस्टर आपण पाहिलेच आहेत.

म्हणून या दिवाळीच्या तोंडावर एक विनंती. सध्या घरोघर माळे उपसणे चालू असेल. पितळी डबे घासून परत वर जातील, आणि जुन्या पिशवीतले पिवळे कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जातील. गॅरेजचे बिल, विम्याची पावती, टपाल कचेरीच्या शिक्क्याचे परवान्याचे पुस्तक, आजोबांची रोकडवही. किलोमागे काय मिळतात हो त्याचे? ते कागद लिहिणाराला पुढे कोणी ते वाचील हे माहीत नव्हते, त्यांवरून भांडण होईल हे माहीत नव्हते, गाडीचा भाव चढेल हे तर नाहीच नाही. म्हणूनच ते खरे बोलतात. किमतीच्या आधी लिहिलेला कागद आणि किमतीच्या नंतर लिहिलेला कागद यांत पहिल्याला अधिक मान देतात, तो यासाठीच.

डेट्रॉइटच्या कामगाराने गाडीच्या बैठकीखाली जे खोचले ती रद्दीच होती. आपली पिशवी रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उलगडून पाहा. आपल्या घरात काय काय होते, हे सांगायला घरभर वस्तू आहेत. काय कधीच नव्हते, हे सांगणारे कागद मात्र त्या एका पिशवीत असतात.